जन्मापासूनचं आहे, मग सारखं तपासायचं कशाला?

मागच्या अंकात लहान मुलांच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक दिसली तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा, असं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं नि मेल आले आणि त्यातले बरेचसे निघाले डोळ्याच्या नसेत जन्मतःच दोष असलेल्या मुलांच्या घरचे. हे आजार तसे दुर्मिळ, पण सातारा-सोलापूर-नगरकडची मुलंही तपासायला पुण्यातच येतात त्यामुळे इथे ती दिसत राहतात. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "जन्मापासूनचं आहे, आता त्यात काय होणार". म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. डावा डोळा मधूनच बाहेरच्या बाजूला वळतो म्हणून गेल्या वर्षी दाखवलं तर मॉर्निंग ग्लोरी डिस्क अनॉमली असं निघालं, उजवा डोळा एकदम नॉर्मल आहे. चष्मा दिला, उजव्या डोळ्याला रोज पट्टी लावायला सांगितली आणि दर चार महिन्यांनी पडदा तपासायला या म्हणाले. पण ऑपरेशन नाही, औषध नाही, नसेचा दोष बरा होणारा नाही हेही तेच म्हणाले. ड्रॉप्स घालताना ती इतकी रडते की बास, माझी नि मिस्टरांची दोघांची सुट्टी जाते आणि शेवटी "आहे तसंच आहे" एवढं ऐकून घरी यायचं. सासूबाई म्हणतात बरं होणारच नाही तर पोरीला छळता कशाला. मागची तारीख आम्ही चुकवली. खरंच इतक्या वेळा जायला लागतं का? आणि ते नक्की बघतात तरी काय?
एक आई, धायरी

उत्तर : ताई, "आहे तसंच आहे" हे ऐकायलाच तर जायचं असतं. चुकलेली तारीख पुढे ढकलत बसू नका, याच आठवड्यात फोन करून नवीन घ्या आणि मग बाकीचं वाचा.

नसेचा दोष बरा होणार नाही हे तुमच्या डॉक्टरांनी खरंच सांगितलंय. पण ते दर वेळी बघतात तो नसेभोवतीचा पडदा, म्हणजे रेटिना. या आजारात नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे नेहमीपेक्षा मोठा, फनेलच्या आकाराचा खड्डा असतो, मधोमध पांढरट गुच्छ, भोवती रंगाचं कडं, आणि रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा जास्त नि त्या कडेवरून चहूबाजूंना सरळ रेषेत गेलेल्या. मॉर्निंग ग्लोरी नावाच्या फुलासारखं दिसतं म्हणून १९७० मध्ये किंडलर नावाच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं. बहुतेक वेळा एकाच डोळ्यात असतं, तुमच्या लेकीसारखं. तर या खड्ड्याच्या आजूबाजूला पडद्याखाली पाणी झिरपू शकतं. पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली की वरचा रंग आधी फुगतो नि मग त्याचा पोपडा सुटतो ना, तसंच काहीसं, आधी नसेलगत थोडा भाग उचलला जातो आणि मग तो पसरत जातो. हे पाणी नेमकं कुठून येतं यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही, कोणी म्हणतं डोळ्यातल्या जेलीतून, कोणी म्हणतं मेंदूभोवतीच्या पाण्यातून, आणि काही डोळ्यांत खड्ड्याच्या आत किंवा काठावर बारीकसं छिद्रही सापडतं. आजवर छापून आलेल्या अभ्यासांत साधारण चारात एक ते तीनात एक अशा प्रमाणात या डोळ्यांचा पडदा कधी ना कधी सुटलेला दिसतो. म्हणजे बहुतेकांचा सुटत नाही, पण तुमच्या मुलीचा त्यातला की यातला हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणूनच तारीख.

मोठ्या माणसाचा पडदा सरकला तर तो सांगतो, काजवे चमकले, काळे ठिपके आले, एका बाजूने पडदा पडल्यासारखं झालं. साडेचार वर्षांची मुलगी हे सांगत नाही. कारण तिचा मेंदू तसाही उजव्या डोळ्यावरच सगळं भागवतोय, डाव्या डोळ्यात काय कमी झालं हे तिला कळतच नाही, ती खेळते, टीव्ही बघते, जेवते, सगळं मजेत. मी बघितलेल्या मुलांमध्ये "तिला काही त्रासच नाहीये हो" म्हणणारे आईवडीलच जास्त असतात आणि ते खोटं बोलत नसतात.

आता ते बघतात काय. ड्रॉप्स घालून बाहुली मोठी करतात, अर्धा पाऊण तास बसवतात, मग डॉक्टर डोक्यावर दिवा लावून हातात भिंग धरून पडद्याचा काठापर्यंतचा भाग बघतात. नसेलगत कुठे सुरकुती आली का, पडदा उचललेला दिसतो का, मागच्या फोटोपेक्षा काही बदललं का. मूल मशीनवर हनुवटी टेकवून क्षणभर का होईना स्थिर बसलं तर ओसीटी करतात, त्यात पडद्याचे थर दिसतात आणि नुसत्या नजरेला न दिसणारं थोडंसं पाणीही कळतं. नाहीच बसलं किंवा आत नीट दिसत नसेल तर बंद पापणीवर जेल लावून सोनोग्राफी, ती काही दुखत नाही. भूल देऊन तपासणी फक्त गरज पडली तर. रडण्याचं म्हणाल तर ड्रॉप्स थोडे झोंबतात हे खरंच आहे, मुलगी आडवी पडून डोळे मिटून असताना नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकून मग डोळा उघडायला सांगितलं तरी औषध आत जातं, नर्सला सांगून बघा, पुष्कळ मुलं त्यामुळे कमी रडतात. सकाळची पहिली वेळ मागा, मूल ताजं असतं नि तुमची निदान दुपार तरी वाचेल. आणि जुन्या फोटोंची नि रिपोर्टची फाइल दर वेळी सोबत पाहिजेच, डॉक्टर बदलला तर जास्तच, कारण जुनं समोर नसेल तर "बदललं का" या प्रश्नाला उत्तर कोण देणार.

किती वेळा जायचं याचा सगळ्यांना लागू होईल असा एकच नियम नाही. लहान वयात साधारण तीन ते सहा महिन्यांनी, पुढे मूल मोठं झालं, स्वतः सांगायला लागलं, पडदा शांत राहिला की सहा महिने ते वर्षाने असं अंतर वाढवत नेतात. तुमचे डॉक्टर चार महिने म्हणतायत तर त्यांचं ऐका, अंतर वाढवायचं ते त्यांनी, आपल्या मनाने नको.

पट्टीचं सोडू नका. या डोळ्याची नजर किती येईल ते नसेच्या दोषावर ठरतं, अनेकांची ६/६० च्या (म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) आसपास किंवा त्याहून कमीच राहते, काहींची मात्र बरीच बरी असते. पण दोषाच्या वर जो आळशीपणा चढलेला असतो, लेझी आय म्हणतात तो, तेवढा तरी चष्मा आणि पट्टीने निघू शकतो, आणि त्याची संधी साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जास्त असते. पट्टीचा आणखी एक फायदा कोणी फारसा सांगत नाही. पट्टी लावलेली असताना रोज तोच खेळ घ्या, ताटात राजमा आणि छोले मिसळून वेगळे करायला लावा, ताट त्याच टेबलावर, खिडकीपासून तितक्याच लांब. कसं जमलं ते कालनिर्णयवर एका शब्दात लिहून ठेवा. नेहमी जमणारं काम दोन-तीन दिवस लागोपाठ जमेना, चाचपडायला लागली, पट्टी ओढून काढायला लागली जी आधी काढत नव्हती, तर तारखेची वाट न बघता जा. डोळा अचानक जास्त तिरळा झाला, फोटोत पांढरी चमक नव्याने दिसली किंवा वाढली, डोळा लाल होऊन दुखायला लागला, डोळ्याला चेंडू किंवा कोपर लागलं, तर त्याच दिवशी. घरचा हा खेळ म्हणजे तपासणी मात्र नव्हे, तो नीट जमतोय म्हणून तारीख चुकवली असं करू नका.

पडदा सुटलाच तर? काही वेळा थोडं पाणी आपोआप जिरतं म्हणून लक्ष ठेवून थांबतात. नाहीतर आतली जेली काढून, नसेभोवती लेझर करून गॅस किंवा सिलिकॉन ऑइल भरतात. ऑपरेशन अवघड असतं, पण लवकर सापडलेला नि अजून मधल्या भागापर्यंत न पोहोचलेला पडदा आणि महिनोन् महिने सुटून आक्रसलेला पडदा यात फार फरक पडतो.

अजून एक, तुमच्या पत्रात एमआरआयचा उल्लेख नाही. झाला नसेल तर पुढच्या वेळी नक्की विचारा. या दोषाबरोबर काही मुलांत मेंदूच्या तळाच्या हाडात फट असते, पिट्युटरी ग्रंथीचे हॉर्मोन कमी पडतात किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात, त्याला मोयामोया म्हणतात. म्हणून मेंदूचा एमआरआय आणि सोबत रक्तवाहिन्यांचा एमआरए करायला सांगतात. मुलीची उंची वयाप्रमाणे वाढत नसेल, सारखी तहान लागून लघवीला जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. आणि तोंडाने श्वास घेते, घोरते म्हणून कोणी नाकात मस्सा आहे, काढून टाकू म्हणालं तर आधी डोळ्याचा रिपोर्ट दाखवा नि एमआरआय होऊ द्या, कारण त्या फटीतून खाली आलेला मेंदूचा भाग नाकात मस्सा असल्यासारखाच दिसतो आणि त्याला हात लावणं धोक्याचं असतं. सासूबाईंना हे एवढं वाचून दाखवा.

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा आहे, दोन्ही डोळ्यांत कोलोबोमा सांगितलाय. बाहुली खालच्या बाजूला ओघळल्यासारखी दिसते, आत नसेला आणि पडद्यालाही आहे म्हणतात. सूनबाईंनी दिवस गेलेले असताना ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली, असं गावाकडची मंडळी येता जाता बोलतात, ती बिचारी रडत बसते. डॉक्टरांनी डोळा सोडून कान, हृदय, किडनी सगळं तपासायला सांगितलंय, हे जरा अति होतंय असं मला वाटतं. आणि पडदा सरकू नये म्हणून आत्ताच लेझर करून घ्यावं का?
एक आजोबा, चिंचवड

उत्तर : काका, आधी सूनबाईंचं. बाळाचा डोळा तयार होताना त्याला खालच्या बाजूला एक फट असते, ती गर्भ साधारण पाच ते सात आठवड्यांचा असताना मिटते. ती पुरती मिटली नाही की कोलोबोमा. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. विळीचा नि ग्रहणाचा काडीचा संबंध नाही, आणि हे गावाकडच्या मंडळींना तुम्ही सांगा, तुम्ही सांगितलेलं ते ऐकतील, तिचं नाही ऐकणार.

तपासण्या अजिबात अति नाहीत. दोन्ही डोळ्यांत कोलोबोमा असेल तर चार्ज सिंड्रोम आहे का बघावं लागतं, त्यात हृदयाचा दोष, नाकाची मागची वाट बंद असणं, कमी ऐकू येणं, वाढ मंद असणं असं सगळं बरोबर येऊ शकतं. बहुतेक वेळा सीएचडी७ नावाच्या जीनमधला बदल कारण असतो. नसेच्या काही दोषांसोबत किडनी लहान किंवा कमजोर असते, त्यात पॅक्स२ हा जीन सापडतो. म्हणून हृदयाची इको, कानाची बेरा टेस्ट, किडनीची सोनोग्राफी, लघवी नि किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन. कमी दिसणाऱ्या बाळाला ऐकूही कमी येत असेल आणि ते दोन वर्षांनी कळलं तर ती दोन वर्षं परत मिळत नाहीत, माझ्या मते या यादीत पहिला नंबर कानाचा. शिवाय मुलगा नि सूनबाई दोघांचेही डोळे ड्रॉप्स घालून एकदा बघून घ्या, आईवडिलांपैकी एकाला अगदी छोटा कोलोबोमा असतो नि आयुष्यभर पत्ता नसतो, पुढच्या बाळाचा विचार करताना हे माहीत असावं लागतं.

पडद्याचं म्हणाल तर कोलोबोमाच्या जागी नेहमीचा पडदा नसतो, एक पातळ पापुद्रा असतो, त्याला छिद्र पडून शेजारचा चांगला पडदा सुटू शकतो. हे लहानपणी होईल, विशीत होईल किंवा कधीच होणार नाही, त्यामुळे तपासणी आयुष्यभर. काठाने आधीच लेझर करून घ्यायचं का यावर मतं वेगवेगळी आहेत. काही डॉक्टर करतात नि त्याने धोका कमी झाल्याचे अनुभवही आहेत, पण कोलोबोमाचा काठ नस आणि मॅक्युलाच्या, म्हणजे बारीक दिसण्याच्या जागेच्या, अगदी लगत जात असेल तर तिथे लेझरनेच आहे ती नजर जाऊ शकते. तेव्हा हे नातवाच्या डोळ्याचे फोटो समोर ठेवून रेटिनावाल्या डॉक्टरांनीच ठरवायचं, दुसरं मत घ्यायला लाजू नका.

खर्चाचं पत्रात लिहिलं नाहीत पण विचारलं असतंत तर सांगितलंच असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि जन्मजात दोष त्यात धरलेले आहेत. अंगणवाडीत या कार्यक्रमाची टीम येते तेव्हा नाव नोंदवा किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. डोळ्यासाठी ससून आहे, महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई आहे. आणि तपासण्या चालू असतानाच बाळाला कमी नजरेसाठीचे व्यायाम, खेळणी हे सगळं लगेच सुरू करा. मॅक्युला वाचलेला असेल तर पुष्कळ मुलं शाळेत इतरांबरोबर नीट शिकतात. अशा बाळांना ऊन सहन होत नाही, टोपी घाला.

प्रश्न : मॅडम मी १७ वर्षांचा आहे, बारावी सायन्स. लहानपणी चष्म्याच्या वेळी उजव्या डोळ्यात ऑप्टिक पिट आहे, काही करायची गरज नाही असं सांगितलेलं. आता १५-२० दिवस झाले उजव्या डोळ्याने वाचताना ओळी मध्येच वाकड्या दिसतात, डावा बंद केला की कळतं नाहीतर नाही. स्क्रीन टाइममुळे असेल का? प्रीलिम झाल्यावर दाखवलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तुला मेलवर लगेच हेच कळवलंय, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. स्क्रीनमुळे ओळी वाकड्या होत नाहीत. पिट म्हणजे नसेच्या तोंडावरचा एक बारीक राखाडी खळगा, साधारण ११ हजारांत एकाला असतो, पहिलं वर्णन १८८२ चं आहे. बरीच माणसं तो घेऊन आयुष्य काढतात नि काही होत नाही. पण काहींच्या बाबतीत त्या खळग्यातून पाणी मॅक्युलाच्या थरांत आणि खाली शिरतं, जास्त करून विशी ते चाळिशीत, पण तुझ्या वयात आणि त्याच्या आधीही दिसतं. ओसीटीला पाच मिनिटं लागतात, पाणी असेल तर लगेच दिसतं. कधी ते आपणहून जिरतं, कधी ऑपरेशन लागतं, पण फार दिवस साचून राहिलं तर पडद्याच्या पेशी खराब होतात आणि मग पाणी गेलं तरी नजर पूर्ण येत नाही. जाताना बाहुली मोठी करणार हे धरून जा, गाडी चालवत जाऊ नकोस, नि त्या संध्याकाळी अभ्यास होणार नाही. प्रीलिम एक दिवस थांबेल. यापुढे प्रत्येक डोळा वेगळा झाकून आठवड्यातून एकदा चौकटीच्या वहीचं पान बघायची सवय लाव, रेघा वाकल्या की ओसीटी.

प्रश्न : माझ्या वर्गात, तिसरीत, एक मुलगा आहे ज्याला एकाच डोळ्याने दिसतं, नसेचा जन्मजात दोष आहे आणि पडद्यावर लक्ष ठेवायचंय असं पालकांनी सांगितलं. पीटीला बसवून ठेवावं का? पालक घाबरून काहीच खेळू देऊ नका म्हणतात.
एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : बसवून ठेवू नका हो, धावू दे, लंगडी खेळू दे, पोहायचा गॉगल लावून पोहू दे. डोक्याला नि डोळ्याला थेट मार बसेल असे खेळ मात्र टाळा, कराटेच्या फाइट, कबड्डीतली पकड. कोणता खेळ चालेल हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणायला सांगा, म्हणजे पालकही निवांत नि तुम्हीही. अशा मुलांच्या बाबतीत मला खरी भीती असते ती चांगल्या डोळ्याची, कारण त्याचा सगळा कारभार त्या एकावर चाललाय. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा दिवसभर, खेळतानाही. बॅडमिंटनचं फूल, विटी-दांडूची विटी, टेनिस बॉल, दिवाळीत सुतळी बॉम्ब बघायला वाकणं, रंगपंचमीचे फुगे, या सगळ्यांनी डोळे फुटलेले आम्ही बघतो. वर्गात त्याला अशा बाजूला बसवा की फळा आणि बाकीची मुलं चांगल्या डोळ्याकडे येतील, ज्या बाजूने दिसत नाही तिकडून अचानक हाक मारली किंवा कोणी अंगावर आलं तर तो दचकतो. आणि फळ्यावरचं उतरवताना मान नेहमीपेक्षा वेगळी वळवायला लागला, पायऱ्यांवर अडखळायला लागला, तर ते घरी लगेच कळवा, शाळेत जे दिसतं ते घरी बरेचदा दिसत नाही.

प्रश्न : मुलीचा एक डोळा पूर्ण गेलाय, पडदा सुटल्यावर दोन ऑपरेशन होऊनही नजर आली नाही. दुसरा ६/६ आहे. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल का? आणि जो डोळा गेला तो आता कशाला दाखवायचा?
एक वडील, सासवड

उत्तर : एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगला असेल तर नियमाप्रमाणे ३० टक्के अपंगत्व धरतात. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या बहुतेक सवलती, आरक्षण वगैरे, ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे फार आशा धरून एजंटला पैसे देऊ नका. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज सरकारी पोर्टलवर स्वतः करता येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयातच होते.

गेलेला डोळा दाखवायचा कारण त्यात ऑइल भरलेलं असेल तर प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू होतो, डोळा दुखरा किंवा लहान होऊ शकतो. आणि त्याच फेरीत चांगला डोळाही ड्रॉप्स घालून बघून होतो, त्याची नस नि पडदा ठणठणीत आहे ना हे वर्षातून एकदा तरी बघायलाच हवं. तिला ऑइल भरलं होतं का, ते काढलं का, हे डिस्चार्ज पेपरवर असेल, तो घेऊन जा.